धुण्याआधी ओळखा : जुन्या टेडीची निगा

(रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाच्या साफसफाईत आपल्या सगळ्यांचे माळे रिकामे झाले. पंचवीस वर्षांत माळ्यावर काय काय साठतं ते तुम्हाला मी सांगायला नको. कूलरच्या जाळ्या, पाळण्याच्या दोऱ्या, आहेरातली न उघडलेली खोकी आणि खेळणी. दोन पोती खेळणी घंटागाडीत गेली. तेव्हा मंडळानं मला गाठलं, "मॅडम, तुम्ही शाळेत इतकी वर्षं शिवण शिकवलंत. फाटक्या खेळण्यांचं काय करायचं ते आम्हाला सांगा." खेळणी पुष्कळ प्रकारची, वेळ थोडा. म्हणून आज एकट्या टेडीबद्दल बोलते, कारण त्याची आवडही मोठी आणि आबाळही मोठी.

आपल्या आधीच्या पिढीला अस्वल माहीत होतं ते दरवेशाचं. डमरू वाजवत यायचा, अस्वलाचा केस ताईतात घालून द्यायचा. कुशीत घेऊन झोपायचं अस्वल मात्र परदेशातून आलं. 1902 च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. बरोबरच्या लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधलं आणि म्हणाले, मारा. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर वॉशिंग्टन पोस्टमध्ये व्यंगचित्र काढलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले दुकानदार मॉरिस मिक्टम यांनी त्यावरून कापडी अस्वल विकायला ठेवलं, आणि रूझवेल्टांच्या 'टेडी' या लाडक्या नावावरून त्याचं नाव पडलं. त्याच सुमारास जर्मनीत मार्गारेट श्टाइफ यांच्या कारखान्यात त्यांचे पुतणे रिचर्ड यांनी हातपाय हलणारं अस्वल तयार केलं. या मार्गारेटबाईंना लहानपणीच पोलिओ झालेला. पाय गेलेले, उजवा हात अधू. तरी त्या शिवणावर उभ्या राहिल्या. शिवण शिकवताना मुलींना मी ही गोष्ट नेहमी सांगत असे.

आता तुम्ही म्हणाल, असली अस्वलं आपल्या नगरला कुठून येणार? अहो, इथं भिंगारला इंग्रजांची छावणी होती. 1831 पासून अमेरिकन मिशन होतं. गोऱ्या लोकांची कुटुंबं इथं वर्षानुवर्षं राहिली. शिवाय आपल्यापैकी किती जणांचे काका-मामा आगबोटीनं विलायतेला जाऊन आले! तेव्हा एखाद्या ट्रंकेत खरोखरच जुना टेडी निघाला तर नवल वाटायला नको. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की, हातात आल्या आल्या धुवायला घेऊ नका. आधी ओळखा.

ओळखायचं कसं? शिवणाच्या कपड्याची पारख करतो तसंच.

पहिली खूण लव. जुन्या अस्वलांची लव मोहेरची, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांची. लव बोटांनी बाजूला करून बुडाशी बघा. मोहेरच्या लवेखाली उभ्या-आडव्या धाग्यांचं विणलेलं कापड दिसतं. अलीकडच्या नायलॉन, पॉलिस्टरच्या लवेखाली बनियनसारखी ताणली जाणारी वीण असते. शंका असेल तर गळून पडलेले एक-दोन तंतू चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटानं चुरली, तर ते लोकरीच्या जातीचं. वितळून कडक मणी झाला, तर कृत्रिम. हे काम मोठ्यांनी, ताटलीवर, अस्वलापासून लांब करायचं हं!

दुसरी खूण डोळे. अगदी सुरुवातीच्या अस्वलांना बुटाची काळी बटणं लावत. नंतर काचेचे डोळे आले आणि 1950 च्या दशकापासून प्लॅस्टिकचे. काच गालाला लावली की गार लागते, प्लॅस्टिक लागत नाही.

तिसरी खूण पोट. दाबलं की करकर वाजलं आणि टणक लागलं, तर आत लाकडाचा कीस आहे, पूर्वी काचसामानाच्या खोक्यांत घालत तसा. हलकं आणि मऊ असेल तर कपोक, म्हणजे आपल्या सावरीच्या कापसाचा भाऊबंद. चटकन दबून चटकन वर आलं, तर फोम किंवा कृत्रिम कापूस.

चौथी खूण घडण. जुन्या अस्वलाचं नाक लांब, हात लांब, पाठीला थोडं पोक आणि मान, हात, पाय पुठ्ठ्याच्या चकत्यांवर फिरणारे. कानात धातूचं बटण असेल तर हात लावू नका. श्टाइफ कंपनी 1904 पासून ते लावते. तळपायावर किंवा बगलेच्या शिवणीत चिठ्ठी असेल तर ती कितीही मळलेली असो, कापू नका.

एक गंमतही सांगते. नोटा तपासायचा जांभळा दिवा दुकानदारांकडे असतो. अंधारात तो अस्वलावर धरा. कृत्रिम धागा पुष्कळदा पांढरानिळा चमकतो. पण हल्लीच्या पावडरीत धुतलेलं जुनं कापडही चमकतं, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. चारही बघाव्यात.

आता आपल्या सोसायटीतलंच उदाहरण. बी विंगमधल्या एका काकूंनी पोत्यात टाकलेला टेडी परत काढून घेतला. मुलाचा परदेशातून फोन आला होता, "आई, माझ्या अस्वलाचं काय केलंस?" सुनेला दिवस गेलेत. काकूंचा बेत असा, की अस्वल मशीनला लावायचं, दुसरा डोळा नवा बसवायचा आणि बाळासाठी पाठवून द्यायचं. त्याआधी मला दाखवायला आणलं.

मी बघितलं. लव नायलॉनची, खाली बनियनची वीण. आत फोमचे तुकडे आणि शिंप्याकडच्या चिंध्या. चिठ्ठी नाही. म्हणजे बाजारात किंमत शून्य. तसं मी काकूंना स्पष्ट सांगितलं. एक डोळा प्लॅस्टिकचा, दुसऱ्या जागी शर्टाचं चार भोकांचं बटण, जाड काळ्या दोऱ्यानं वेडंवाकडं शिवलेलं. "हे कुणी शिवलं?" म्हटलं. काकू म्हणाल्या, "ह्यांनी. डोळा हरवला म्हणून पोरगं रात्रभर रडत होतं. ह्यांनी स्वतःच्या शर्टाचं बटण तोडून लावलं. आयुष्यात तेवढंच शिवलं असेल." काका जाऊन आता सहा वर्षं झाली.

मंडळी, त्या अस्वलात जपण्यासारखं जे आहे, ते ते बटण आहे. मशीनमध्ये टाकलं असतं तर जुन्या फोमचा भुगा झाला असता आणि तीस वर्षांचा दोरा सुटून बटण गाळणीत सापडलं असतं. टेडीची ओळख म्हणजे नुसती जात आणि वय नव्हे. त्याच्या अंगावर कुणाकुणाचे हात फिरलेत, तीही त्याची ओळख. म्हणून दुरुस्ती करताना जुनी दुरुस्ती उसवू नका.

आता निगा. लाकडी कीस किंवा कपोक भरलेलं अस्वल पाण्यात कधीच बुडवू नका. आतला ओलावा सुकत नाही, भरण कुजतं, पुठ्ठ्याच्या चकत्या फुगतात, खिळे गंजतात. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून कमी जोरावर धूळ ओढून घ्या. मग सौम्य साबणाचा नुसता फेस, पाणी नव्हे, मऊ कापडानं लवेवरून फिरवा. आधी पायाच्या मागं टिपून रंग जातो का ते बघा. शेवटी ओलसर कापडानं पुसून सावलीत, पंख्याखाली वाळवा. नगरचं ऊन कपड्याला बरं, जुन्या लवेला नाही. रंग उडतो आणि धागा ठिसूळ होतो.

कसर लागली असेल, म्हणजे लवेत टक्कल किंवा बारीक भुसा दिसला, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे अठरा अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरतं. काचेचे डोळे असतील तर मात्र हा उपाय नको. डांबराच्या गोळ्या अस्वलाजवळ ठेवू नका. वेखंडाची पुरचुंडी आजीच्या काळापासून चालत आली आहे, तीही कापडाला न चिकटता ठेवावी.

फाटलं असेल तर फेविकॉल नको, कडक होतं. कापड बाजारातल्या मॅचिंग सेंटरमधून जुळता सुती दोरा आणा, आतून मलमलचं अस्तर द्या आणि लहान टाके घाला. ठेवताना धुतलेल्या, बिनखळीच्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. स्लॅबखालच्या माळ्यावर नको, कपाटात ठेवा.

आणि बाळाचं काय? जुनं अस्वल तान्ह्या बाळाच्या हातात द्यायचं नाही. बटण, डोळा, फोमचा भुगा, सगळं तोंडात जातं. आपल्याकडं खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं ते 1 जानेवारी 2021 पासून. त्याआधीचं खेळणं या कसोटीतून गेलेलं असेलच असं नाही. काकूंनी शेवटी बाळासाठी नवं घ्यायचं ठरवलं. जुनं पुसून, एका बाजूची शिवण घालून, बटणासकट मुलाकडे जाणार आहे. नात किंवा नातू मोठा झाला की कपाटातून काढून दाखवील.

बरोबर एक चिठ्ठी मी काकूंकडून लिहून घेतली : अस्वल कुणाचं, कधी घेतलं, बटण कुणी आणि का लावलं. पुण्याला तुम्ही राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते उभं केलं. त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, घराघरातल्या वापराच्या वस्तू आहेत. कुणीतरी त्या जपल्या आणि कुठल्या ते सांगितलं, म्हणून आज आपण त्या बघतो. चिठ्ठी नसलेली वस्तू पुढच्या साफसफाईत पोत्यात जाते.

तेव्हा घरी अजून एखादं अस्वल, चिंध्यांची बाहुली, ठकी असेल तर दर रविवारी दुपारी चार वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये घेऊन या. सुई-दोरा माझा, चिठ्ठी तुमची. फक्त येताना धुऊन आणू नका.