पाणबुडीच्या गोष्टीत आमचा गट रमला

आमच्या पेडगावपासून समुद्र कैक कोस लांब. तरी बचत गटाला सध्या पाणबुडीच्या कादंबऱ्यांचं वेड लागलंय. हप्त्याची वही मिटली की एकजण वाचते, बाकीच्या आम्ही ऐकतो.

सुरुवात झाली ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकापासून. भा. रा. भागवतांनी त्याच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. १८७० सालच्या गोष्टीत 'नॉटिलस' नावाची पाणबुडी आहे. ती बुडते अन् वर येते कशी? आपली घागरच बघा. रिकामी तरंगते, पाणी भरलं की खाली जाते. पाणबुडीच्या टाक्यांत पाणी घेतात, वर यायचं तर बाहेर ढकलतात.

एकदा ती बर्फाखाली अडकते. आतली हवा संपत चाललेली, भोवतालचं पाणीही गोठायला लागलेलं. मग कप्तान नेमो काय करतो? उकळतं पाणी बाहेर सोडत राहतो! आधण ठेवण्याचा असा उपयोग आम्हाला कधी सुचला नसता.

नेमोची बायको-लेकरं गेलेली. त्या सुडापायी तो माणसांनी भरलेलं जहाज बुडवतो. इथं आमच्यात जुंपली. काहीजणी म्हणाल्या, त्याचं दुःखच तेवढं मोठं. बाकीच्या म्हणाल्या, जहाजावरच्यांच्या घरीही लेकरं असतीलच की. लेखकाच्या नंतरच्या कादंबरीत कळतं, नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ ला इंग्रजांशी लढलेला. तेव्हा तर भांडण आणखीच वाढलं. ते जहाजाचं प्रकरण पुढच्या बैठकीत पुन्हा वाचायचं ठरलंय.