उस्तादांच्या हाताखाली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मालट्रक चालवायला मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. नांदेडच्या मोंढ्यात एका मोठ्या किराणा दुकानाची स्वतःची गाडी होती, टाटाची, सहा चाकांची. त्या गाडीवर १९९५ साली मी क्लीनर म्हणून लागलो. आमच्याकडं त्याला किन्नर म्हणतात. वय सतरा, दहावी नापास. पगार महिना चारशे रुपये, शिवाय बाहेरगावी असलो की जेवणाचा भत्ता. वडलांनी मला मालकांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "शिकेल पोरगं." मालकांनी ड्रायव्हरकडं बोट दाखवलं. तेवढाच माझा प्रवेश अर्ज.

ड्रायव्हरला सगळे उस्ताद म्हणत. पहिले सहा महिने उस्तादांनी मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. पहाटे उठून काच पुसायची, रेडिएटरमधलं पाणी बघायचं, ऑइलची पट्टी काढून बघायची आणि टॉमीनं प्रत्येक टायर वाजवायचा. हवा पुरेशी असली तर टणक आवाज येतो, कमी असली तर बद्द. मागच्या जोडचाकांमधलं आतलं टायर डोळ्याला नीट दिसत नाही, ते कानानंच ओळखावं लागतं. दोन चाकांच्या मध्ये दगड अडकला असेल तर तोही काढायचा.

दुकानाच्या गाडीचं काम आणखी वेगळं. भाड्याची गाडी एका ठिकाणी भरते आणि दुसऱ्या ठिकाणी रिकामी होते. आमची गाडी आठवड्यातून दोनदा नांदेडहून निघायची, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर असं करत दुकानादुकानांत माल उतरवत लातूरला पोहोचायची आणि येताना तिथल्या मिलमधून तूरडाळ घेऊन परतायची. म्हणून चाकूरचा माल आधी भरायचा आणि लोह्याचा शेवटी, म्हणजे जो आधी उतरायचा तो हाताशी राहतो. चहाची खोकी साबण आणि उदबत्तीपासून लांब ठेवायची, नाहीतर चहाला वास लागतो. मिठाच्या पोत्याला पाणी सुटतं, त्याच्याजवळ साखर ठेवायची नाही. तेलाचे डबे उभेच राहिले पाहिजेत. एक डबा कमी भरला तरी ती तूट आमच्या पगारातून जायची, त्यामुळं मोजणी पाठ व्हायला वेळ लागला नाही.

लातूरला गंजगोलाई पहिल्यांदा बघितली तेव्हा मी चक्रावलो. मधे गोल बाजार आणि त्याला सोळा रस्ते येऊन मिळालेले. कुठून आत आलो आणि कुठून बाहेर जायचं हेच कळेना. उस्ताद हसून म्हणाले, "रस्ता इचारायची लाज वाटली की डिझेल जळतं बघ."

गाडी चालवण्यातलं पहिलं शिक्षण मिळालं ते बालाघाटाच्या चढ-उतारावर. डिझेल वाचावं म्हणून पुष्कळ ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करत. उस्ताद कधी करत नसत. ज्या गिअरमधे हा चढ चढलो असतो, त्याच गिअरमधे उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर भरली गाडी उतरवली तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळेला धरत नाहीत. हे त्यांनी मला शेजारी बसवून इतक्या वेळा सांगितलं की शेवटी चढ आला की उताराचा गिअर मीच आधी बोलून दाखवायचो.

आता त्या रात्रीचं सांगतो. आजवर हे मी फार थोड्या लोकांना सांगितलं आहे.

१९९७चा जानेवारी. संक्रांतीचा बाजार होता आणि दुकानात डाळ संपत आली होती. उस्तादांना दोन दिवस ताप होता. ते मालकांना म्हणाले, उद्या जातो. मालक म्हणाले, आजच्या आज जाऊन या. पहाटे निघालो, माल उतरवत लातूर गाठलं, डाळ भरायला संध्याकाळ झाली. रात्री चाकूर सोडल्यावर उस्तादांच्या डोळ्यांवर झापड यायला लागली. गाडी बाजूला घेऊन ते म्हणाले, "शिरूरच्या पुढं नेतोस का थोडी? हळू चालव, मी जागाच हाय."

तोवर मी मोकळ्या माळावर, मोंढ्याच्या आवारात गाडी चालवली होती. वय अठरा, खिशात कसलंच लायसन नाही. तेव्हाही कायदा स्पष्ट होता, १९८८चा मोटार वाहन कायदा. माल वाहायच्या गाडीला वय वीस पूर्ण पाहिजे आणि त्याआधी हलक्या गाडीचं लायसन हातात असून एक वर्ष झालेलं पाहिजे. हे उस्तादांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण मला खरं सांगायचं तर आनंद झाला. भरली गाडी, रात्रीचा रस्ता आणि स्टेअरिंग माझ्या हातात. दहा मिनिटांत उस्ताद झोपले.

शिरूर ताजबंद ओलांडलं. समोरून एक बस आली, लाइट अप्परवर. मी डिपर दिला, त्यानं दिला नाही. डोळ्यांपुढं पांढरं झालं. अशा वेळी वेग कमी करून डाव्या कडेवर नजर ठेवायची, हे मला शिकवलेलं होतं. मी वेग कमी केला नाही. बस गेली आणि पुढ्यात उसाची बैलगाडी. मागं कंदील नाही, चमकणारी पट्टी नाही, नुसता काळा ढीग. ब्रेक दाबला, स्टेअरिंग उजवीकडं ओढलं. गाडीचा डावा कोपरा बैलगाडीला घासला. चाक मोडलं, ऊस रस्त्यावर पसरला, गाडीवान खड्ड्यात पडला. बैल सुटून उभे होते, एकाच्या मांडीतून रक्त येत होतं.

गाडीवानाचा हात मोडला होता. त्यांना आमच्याच गाडीत घालून अहमदपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गाडी उस्तादांनी चालवली, अंगात ताप होताच. तिथं पोलिसानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं? मी तोंड उघडायच्या आत उस्ताद म्हणाले, "मी."

मी गप्प बसलो.

केस झाली. उस्ताद अहमदपूरच्या कोर्टात तारखांना जात राहिले, त्या दिवसांचा पगार मिळाला नाही. दंड त्यांनी भरला. दवाखान्याचा आणि बैलगाडीच्या चाकाचा खर्च मालकांनी दिला आणि दर महिन्याला दोनशे रुपये असा त्यांच्या पगारातून कापून घेतला. मी एकदा म्हणालो, माझ्या पगारातून कापा. ते म्हणाले, "झोपलो मी होतो ना?" पुढं त्यावर ते कधी बोलले नाहीत. फक्त स्टेअरिंग पुन्हा दिलं नाही. त्याच वर्षी मला आरटीओत नेऊन हलक्या गाडीचं शिकाऊ लायसन काढून दिलं. १९९८ साली वय वीस आणि लायसनला वर्ष, दोन्ही पूर्ण झालं, तेव्हा पुढं-मागं लाल अक्षरात 'एल' लावून, स्वतः शेजारी जागे बसून त्यांनी मला भरली गाडी चालवायला दिली.

२००३ साली उस्ताद गेले. आता ती गोष्ट माहीत असणारा मी एकटाच उरलो, असं वाटायला लागलं आणि रात्रीची झोप जाईना. शेवटी २००४च्या उन्हाळ्यात चौकशी करत त्या गाडीवानाच्या गावी गेलो. म्हातारे झाले होते, हात थोडा वाकडाच बसला होता. मी म्हणालो, "मामा, त्या रात्री गाडी मी चालवत होतो."

ते म्हणाले, "ठावं हाय मला. तू ड्रायव्हरच्या बाजूनं उतरलास की. पडल्या जागंवरून दिसत होतं."

"मग बोलला का नाही?"

"तुझ्या उस्तादानं दवापाणी केलं, दोन डाव घरी येऊन गेला. पोराचं वाटोळं करून मला काय भेटणार होतं?" थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आता तरी नीट चालवतोस का?"

श्रोतेहो, उस्तादांनी मला वाचवलं हे खरं. तापलेल्या अंगानं, बारा-चौदा तास राबून, बिनलायसनच्या पोराच्या हातात त्यांनी गाडी दिली हेही खरं. आणि उद्या जातो म्हणणाऱ्या माणसाला आजच पाठवलं गेलं, हेही विसरता येत नाही. ड्रायव्हरच्या कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा १९६१च्या कायद्यानं घातलेली होती. आमच्या मोंढ्यात ती कुणाच्या तोंडून मी ऐकली नव्हती. मलाही ती पुष्कळ वर्षांनी कळली.

तेव्हापासून बरंच बदललं. आठवी पासची अट २०१९ साली निघाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. लातूर-नांदेड रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला. पण किराणा दुकानाच्या गाडीवर पोरगं अजून तसंच येतं, बापाचं बोट धरून, आणि त्याचं शिक्षण केबिनमधेच होतं. त्यानं पाच वर्षं घासली तरी त्याचा कुठं कागद होत नाही.

माझ्या गाडीवर आज एक एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. त्याला मी टायर वाजवायला शिकवलं, माल लावायला शिकवलं. हलक्या गाडीचं लायसन काढून दिलं, त्याला सात महिने झालेत. तो रोज विचारतो, उस्ताद, स्टेअरिंग कधी देणार? मी महिने मोजून सांगतो. मला झोप आली तर गाडी ढाब्यावर लावतो आणि मालकांना फोन करतो की माल सकाळी येईल. एकदा-दोनदा बोलणी खाल्ली. आता ते काही म्हणत नाहीत.

ऊस सुरू झाला की लाल चमकत्या पट्टीचं एक बंडल मी गाडीत ठेवतो. ढाब्यावर उसाची बैलगाडी थांबलेली दिसली की आम्ही दोघं उतरतो आणि तिच्या मागच्या बाजूला पट्टी चिकटवतो. गाडीवान विचारतात, किती पैसे? पोरगा सांगतो, "काही नाही, मामा." का लावतो, हे त्यानं मला अजून विचारलेलं नाही. आज हे भाषण ऐकत असेल, तर त्याला कळेल.