गादमाशी आणि तिचा वैरी

श्रावणातील एखाद्या सकाळी शेतकरी भाताचे चूड हाताने बाजूस सारून पाहतो, तो मधल्या पानाच्या जागी कांद्याच्या पातीसारखी पांढुरकी, पोकळ नळी वर आलेली असते. हाच चंदेरी पोंगा. त्या फुटव्याला आता लोंबी यावयाची नाही. गोवा, कर्नाटकाची किनारपट्टी आणि भंडारा-चंद्रपूरकडील धानाचा मुलूख यांना गादमाशीचा हा प्रताप चांगला ठाऊक आहे.

ही माशी डासाएवढी, तांबूस, रात्री दिव्याकडे धावणारी. तिचे बळ हवेवर अवलंबून. अंड्यातून निघालेल्या अळीला पानावरून सरपटत कोंबाच्या गाभ्यापर्यंत जावे लागते. पानावर ओल नसेल तर ती वाटेतच सुकून मरते. म्हणून ढगाळ, दमट, रिमझिम पावसाचे दिवस तिला मानवतात. उन्हाळ्यात ती देवभातावर व काही गवतांवर तग धरते. पहिल्या सरींनंतर सुमारे तीन-तीन आठवड्यांनी तिची नवी पिढी येऊ लागते.

तिचा वैरी प्लॅटिगॅस्टर हा गांधीलमाशीच्या गोतातला, पण मुंगीहूनही लहान, काळा कीटक. तो माशीच्या अंड्यात वा कोवळ्या अळीत आपले अंडे घालतो. त्या एकाच अंड्यातून पुष्कळ पिल्ले निपजतात, अळीला आतून खाऊन तिच्याच कातडीत दाटीवाटीने कोश करतात. मात्र भक्ष्य वाढल्यावाचून भक्षक वाढत नाही. त्याचा जोर होतो हंगामाच्या अखेरीस, फुटव्यांचे दिवस सरल्यावर!

या शर्यतीत पाऊस लबाडी करतो. वेळेवर लावलेले भात माशीची गर्दी होण्यापूर्वीच फुटवे पुरे करते. २०२३ साली मोसमी पाऊस ८ जूनला, म्हणजे आठवडाभर उशिरा केरळात पोचला आणि पुढे गोवा-रत्नागिरी गाठून तेथेच दहा-बारा दिवस अडला. अशा वर्षी लावणी लांबते आणि कोवळे फुटवे ऐन भरातल्या माशीच्या तावडीत सापडतात.

पोंगा दिसताच फवारणी करणे म्हणजे चोर निघून गेल्यावर राखणदाराला झोडपणे होय. तोवर आतील कीड बाहेर पडलेली असते; औषधाने मरतात ते प्लॅटिगॅस्टर आणि कोळी. त्यापेक्षा प्लॅटिगॅस्टरचे कोश असलेले पोंगे गोळा करून, लावणीनंतर दहा दिवसांनी दर दहा चौरस मीटरला एक या प्रमाणात शेतात ठेवावेत, असे कृषितज्ज्ञ सुचवितात. तेवढीच त्या वैऱ्याला वेळेआधी वाट मोकळी होते.