उगवत्या दिवसाची इंग्रजी



महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. त्यामुळे ‘गुड मॉर्निंग’ हा घोष आता वाडीवस्तीवरील शाळेतही रोज ऐकू येतो. एका सुरात, लांबवून म्हटले जाणारे हे शब्द वस्तुतः शुभेच्छा आहेत. ‘आपणांस सकाळ सुखाची लाभो’ अशा अर्थाच्या जुन्या वाक्याचा तो उरलेला भाग होय. एवढे जरी मुलांस सांगितले, तरी त्या घोषातील यांत्रिकपणा पुष्कळसा कमी होईल.

येणाऱ्या दिवसाविषयीची उमेद आणि निर्धार व्यक्त करणारे अनेक वाक्प्रचार इंग्रजीत आहेत. त्यांपैकी कित्येक तेथील हवेत व शेतांत जन्मलेले आहेत आणि शब्दशः भाषांतराने ते निर्जीव होतात. ‘एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग’ हेच पाहावे. या कल्पनेचे मूळ मिल्टनच्या ‘कोमस’ या, १६३४ साली प्रथम सादर झालेल्या नाट्यकाव्यात सापडते. इंग्लंडात आभाळ वारंवार भरून येते व उन्हाचे अप्रूप असते. म्हणून तेथे ढग ही उदासी आणि त्याची उजळ कड ही आशा. माण किंवा आटपाडी तालुक्यातील मुलास हे कसे पटावे? मृगात काळा ढग वर चढला की त्याच्या घरची माणसे अंगणात येऊन उभी राहतात. त्याची आशा ढगातच असते, कडेत नव्हे. ‘काळ्या ढगाला रुपेरी कडा’ हे वाक्य तो पाठ करील, उत्तरपत्रिकेत लिहील. परंतु स्वतःच्या तोंडी कधी आणणार नाही. शिक्षकाने आधी इंग्लंडचे आकाश सांगावे, मग वाक्प्रचार.

‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ ही म्हण जॉन हेवुड याच्या १५४६ सालच्या संग्रहात आढळते. कापलेले गवत ओलसर राहिले तर कुजते, म्हणून ऊन आहे तोवर वाळवून घेण्याची ही घाई. शेतकऱ्याच्या मुलास वाफसा ठाऊक असतो. वाफसा येताच पेरणीस लागणारी माणसे त्याने पाहिलेली असतात. तेथूनच आरंभ करावा. ‘वाहत्या गंगेत हात धुणे’ हा पर्याय मात्र सांगू नये. त्यात संधिसाधूपणाची छटा आहे, कष्टांची नाही.

याउलट ‘पुट युवर शोल्डर टु द व्हील’ समजावून देण्यास काहीच सायास नकोत. चिखलात रुतलेल्या गाडीचे चाक पुरेसे आहे. फक्त ‘खांदा देणे’ असे भाषांतर कोणी करू नये; त्याचा अर्थ भलताच होईल! तसेच ‘रोल अप युवर स्लीव्हज’ म्हणजे ‘बाह्या सरसावणे’ नव्हे, कारण मराठीत बाह्या बहुधा भांडणासाठी सरसावतात. तेथे ‘कंबर कसणे’ किंवा ‘पदर खोचणे’ शोभेल.

सर्वांत अधिक वेळ मात्र ‘आय होप’ व ‘आय विल’ यांस द्यावा. म्हणी मागाहून येतील. हे दोन प्रयोग मुलास आजच हवे आहेत. जे आपल्या हाती नाही, त्यासाठी पहिला: ‘आय होप इट रेन्स टुडे’. जे आपल्या हाती आहे, त्यासाठी दुसरा: ‘आय विल लर्न फाइव्ह वर्ड्स टुडे’. मराठीतील ‘बघू’ हा शब्द या दोहोंच्या मध्ये लोंबकळतो, आणि पुष्कळदा तो सौम्य नकारच असतो. घरी इंग्रजीचे अक्षरही न ऐकणारा विद्यार्थी या तासाला ‘बघू’ म्हणूनच बसलेला असतो.

याकरिता परिपाठानंतर रोज दोन मुलांनी फळ्याच्या कोपऱ्यात प्रत्येकी एक ‘आय विल’चे वाक्य लिहावे आणि शाळा सुटण्यापूर्वी ते वाचून पाहावे. संकल्प अपुरा राहिला असल्यास शिक्षकाने रागावू नये. ‘टुमॉरो इज अनदर डे’ हा वाक्प्रचार शिकविण्याची खरी वेळ तीच. ‘उद्या दुसरा दिवस आहे’ हे भाषांतर ऐकून वर्ग हसेल. ‘उद्याचा दिवस आहेच’ म्हटले की अर्थ उमगेल. ते वाक्य तसेच फळ्यावर राहू द्यावे व दुसऱ्या सकाळी त्याच मुलाच्या हाती खडू द्यावा.