बंद खोलीतील विस्तव

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

भोपाळची थंडी ही तशी भिडस्त थंडी आहे. ती सिमल्यासारखी बर्फ घेऊन येत नाही आणि फार दिवस मुक्कामही करीत नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, मोठ्या तलावाकडून येणारी झुळूक अंगावर काटा उभा करते, आणि माणूस ‘आता काहीतरी पेटवावे’ असे म्हणू लागतो. एवढ्याशा दिवसांसाठी घरात धुराडे कोण बांधणार? आपली घरे मे महिन्याच्या उन्हाचा विचार करून बांधलेली असतात. म्हणून मग आपण विस्तवच उचलून खोलीत आणतो. कोणी कोळशाची शेगडी आणतो, कोणी छोट्या सिलिंडरवर बसविलेला गॅसचा हीटर आणतो, आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून घेतो. धोका नेमका या शेवटच्या कृतीत आहे.

भोपाळमध्ये ‘वायू’ किंवा ‘गॅस’ हा शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले आणि झोपलेल्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. त्या रात्रीची आठवण घरोघर आहे. परंतु त्या आठवणीनेच आपली एक समजूत करून ठेवली आहे की, विषारी वायू म्हटला म्हणजे डोळे चुरचुरणार, घसा जळणार, खोकल्याची उबळ येणार. कारखान्यातल्या त्या वायूने तसे केलेही. बंद खोलीत विस्तवापासून तयार होणारा वायू मात्र अगदी निराळ्या स्वभावाचा आहे. कार्बन मोनॉक्साईड हे त्याचे नाव. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही की घशात खवखवत नाही. मिथिल आयसोसायनेटच्या बाबतीत तोंडावर ओला कपडा धरला असता तर काही बचाव झाला असता, असे पुढे जाणकारांनी सांगितले. कार्बन मोनॉक्साईड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे ओल्या कपड्याचा येथे काडीइतका उपयोग नाही, आणि शेगडीशेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवली की ‘गॅस पाणी ओढून घेते’ ही समजूतही खरी नाही. बादलीने हवा थोडी दमट होईल, एवढेच.

हा वायू मारतो कसा, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हा प्राणवायूचा हमाल. फुप्फुसातून ओझे उचलावे आणि शरीरभर पोहोचवावे, हे त्याचे काम. पण या हमालाला प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साईडचे आकर्षण दोनशे पटींहून अधिक आहे. आता हिशेब करा. हवेच्या १,००० भागांत प्राणवायूचे सुमारे २१० भाग असतात. त्याच हवेत कार्बन मोनॉक्साईडचा केवळ १ भाग मिसळला, तरी तो एकटा त्या २१० भागांना तोडीस तोड ठरतो, आणि काही तासांत जवळजवळ निम्मे हिमोग्लोबिन बळकावून बसतो. निम्मे हमाल पळविले गेल्यावर मेंदू आणि हृदय यांचे काय होणार, ते सांगावयास नको. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी गेल्या शतकाच्याही आधी, कोळशाच्या खाणीतील अपघातांचा अभ्यास करताना, हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले होते. खाणीत पिंजऱ्यातून पक्षी नेण्याची सूचना त्यांचीच. तो चिमुकला जीव माणसाआधी मान टाकी.

‘आम्ही धूर असलेली शेगडी आत आणीतच नाही, निखारे लाल झाल्यावरच आणतो,’ असे पुष्कळजण सांगतात. ही खबरदारी डोळ्यांपुरती ठीक आहे, जिवापुरती नाही. तळाशी जळणाऱ्या कोळशातून प्रथम कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साईड, तयार होतो. तो वर चढताना लालबुंद निखाऱ्यांच्या थरातून जातो आणि तेथील तापलेल्या कोळशाशी संयोग पावून त्याचा कार्बन मोनॉक्साईड बनतो. म्हणजे शेगडी जेव्हा अगदी निर्धूर, सुरेख, लालभडक दिसते, तेव्हाच ती हा वायू सढळ हाताने सोडीत असते. वर राख धरली म्हणजे ती विझली असेही नव्हे. राखेखालचा निखारा पहाटेपर्यंत आपले काम करीत राहतो.

गॅसच्या हीटरचे गणित वेगळे, पण शेवट तोच. आपल्याकडील सिलिंडरातला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. भरपूर हवा मिळाली तर तो निळ्या ज्योतीने स्वच्छ जळतो, आणि म्हणूनच लोकांना तो निर्धोक वाटतो. एक किलो गॅस पुरता जळावयास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मध्यम आकाराचा हीटर तासाला पाव किलोच्या आसपास गॅस जाळतो, म्हणजे ३ घनमीटर हवेतला सगळा प्राणवायू खातो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीत हवा असते २८ घनमीटर. खोली अगदी बंदिस्त असेल तर दोन तासांत तेथील प्राणवायू शेकडा २१ वरून १६-१७ पर्यंत उतरेल. त्याच्या पुष्कळ आधीच ज्योतीची उपासमार सुरू होते, ती पिवळी पडू लागते, आणि अर्धवट जळालेल्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साईड निघू लागतो. काही नव्या हीटरांत प्राणवायू १८ टक्क्यांच्या आसपास आला की गॅस आपोआप बंद करणारी कळ असते. ती असलेली बरी. परंतु बाजारातल्या सगळ्याच हीटरांना ती नसते. पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा भरवसा तर मुळीच धरू नये. ती खोलीतली तीच हवा फिरवीत राहतात, नवी हवा आणीत नाहीत.

जानेवारी २०२० मध्ये केरळातील पर्यटकांची एक मंडळी नेपाळात गेली होती. मकवानपूर जिल्ह्यातील दामन या थंड डोंगरी गावी ती एका रात्रीपुरती उतरली. दोन कुटुंबांतील आठजण, चार मोठी माणसे आणि चार मुले, एकाच खोलीत झोपली. थंडी कडाक्याची, म्हणून खोलीत गॅसचा हीटर, आणि दारे-खिडक्या आतून बंद. सकाळी त्यांच्यापैकी कोणी दार उघडले नाही. हेलिकॉप्टरने काठमांडूला हलविले, तरी आठांपैकी एकही वाचला नाही. त्याच मंडळीतले जे लोक इतर खोल्यांत होते ते सुखरूप राहिले. थंडी सर्वांना सारखीच होती. आणि ही गोष्ट केवळ प्रवासात, परक्या ठिकाणी घडते असेही समजू नये. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला सप्टेंबर १९०२ मध्ये पॅरिसमधील स्वतःच्या घरी, स्वतःच्या शयनगृहात गेले. शेगडी नेहमीची होती, पण धुराडे तुंबलेले होते.

येथे एक प्रश्न हटकून विचारला जातो, आणि तो रास्त आहे. आमच्या आज्या-पणज्या शेगडी घेऊनच बसत होत्या, बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवले जात होते, ओवा-बाळंतशेपांची धुरी दिली जात होती. तेव्हा माणसे कशी जगली? सगळीच जगली असे नाही, हे एक. बाळंतिणीच्या खोलीत कोण कशाने गेले याची चिकित्सा त्या काळी कोण करी? पण मुख्य उत्तर घरात आहे. कौलारू घराला वरून शंभर फटी असत. दाराच्या फळ्यांतून वारा येई. भिंतीत झरोका असे. १९५६ साली राजधानी झाल्यावर नागपूरहून पुष्कळ मराठी नोकरदार कुटुंबे भोपाळला आली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे हे रिवाजही आले. त्यांची नातवंडे-पतवंडे आता सरकत्या काचांच्या खिडक्या असलेल्या सदनिकांत राहतात, दाराच्या तळाला रबराची पट्टी असते आणि झरोका बुजवून तेथे यंत्र बसविलेले असते. घर बदलले, शेगडी तीच राहिली. पोटातल्या बाळाला तर या वायूचा ताप आईपेक्षाही अधिक होतो, आणि नवजात मुलाला काही होत असल्यास ते सांगणार कसे? शेक द्यावयाचाच असेल तर विजेचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा द्यावा. आजीबाईंना राग आला तरी चालेल.

गॅरेज आणि तशाच इतर कोंदट जागांविषयी मला थोडे अधिक बोलावयाचे आहे, कारण तेथे राहणाऱ्यांची चौकशी कमी होते. बंगल्याखालच्या गॅरेजात चालक झोपतो, फाटकाजवळच्या लाकडी खोक्यात चौकीदार रात्र काढतो, दुकानाचे शटर ओढून आत कारागीर निजतात. लोखंडी तसराळ्यात चार कोळसे पेटवून पायाशी ठेवणे हा त्यांचा एकमेव आधार. चौकीदाराच्या खोलीत हवा असते ती किती? वरच्या हिशेबातल्या खोलीचा आठवा-दहावा भाग! शिवाय गॅरेजात दुसरेही संकट आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, प्रोपेन दीडपट तर ब्युटेन दुप्पट. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो, गाडीखालच्या खड्ड्यात साचतो. पेट्रोलची वाफही तशीच जड असते. हवेत शेकडा दोन भाग गॅस मिसळला तरी एक ठिणगी पुरे. अशा जागी हीटरची उघडी ज्योत ठेवणे हे दारूखान्यात पणती लावण्यासारखे आहे. गारठा आहे म्हणून गॅरेजचे दार लावून गाडीचे इंजिन चालू ठेवणे हेही त्याच पठडीतले. ज्यांच्या फाटकाशी चौकीदार बसतो, त्यांनी त्याला एक चांगली रजई आणि लोकरी कोट द्यावा. तसराळे उघड्यावर पेटविण्यास हरकत नाही. शेकोटी मुळी उघड्यावरचीच गोष्ट आहे.

स्नानगृहातील गॅसच्या बंबाचीही हीच कथा. बंब बाहेर, पाण्याची नळी आत, अशी योजना करता येते, ती करावी.

आता लक्षणे. डोके जड होते, गरगरते, मळमळते, पायांतले बळ जाते. माणसाला वाटते की पित्त झाले किंवा पडसे येते आहे, आणि तो आणखी पांघरूण घेऊन पडतो. एका घरातील दोघा-तिघांना एकाच वेळी असे होऊ लागले, आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरे वाटले, तर पित्ताची गोळी शोधीत बसू नका. दारे-खिडक्या सताड उघडा, विस्तव बंद करा, सर्वांना बाहेर काढा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. करोनाच्या साथीत घरोघर आलेले बोटावर लावण्याचे ऑक्सिमीटर येथे फसवते. त्याला प्राणवायू वाहणारे रक्त आणि कार्बन मोनॉक्साईडने भरलेले रक्त यांतला भेद कळत नाही. रोगी बेशुद्धीकडे झुकत असताना ते खुशाल ९८ दाखवील. म्हणून रुग्णालयात गेल्यावर पहिले वाक्य हेच सांगावे की, खोलीत शेगडी जळत होती. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हावयास चार-पाच तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला तर दीड तासाच्या आतबाहेर. रोगी शुद्धीवर आला म्हणून लगेच घरीही आणू नये. काही जणांना दिवसांनी, आठवड्यांनी विसराळूपणा किंवा चालण्यातला तोल जाणे असे त्रास उद्भवतात, तेव्हा पुन्हा तपासणी हवी.

गॅसचा वास आला तर गोष्ट निराळी. तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. तेव्हा विजेचे बटणही दाबू नये, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर जाऊन १९०६ हा क्रमांक फिरवावा. मात्र गळती ओळखणारे यंत्र आणि कार्बन मोनॉक्साईड ओळखणारे यंत्र ही दोन वेगळी यंत्रे आहेत; दुकानदार एकाच नावाने दोन्ही विकतो, म्हणून विचारून घ्यावे. पहिले जमिनीजवळ बसवावयाचे, दुसरे झोपण्याच्या खोलीत, उशीच्या उंचीच्या आसपास.

ज्यांना हीटरशिवाय चालतच नाही, त्यांनी तो जेवणे होईपर्यंत लावावा, समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटे उघड्या ठेवाव्यात, आणि अंथरूण घालण्यापूर्वी तो बंद करून सिलिंडरची कळ फिरवावी. शेगडी असेल तर ती अंगणात किंवा गच्चीवर नेऊन ठेवावी, खोलीच्या कोपऱ्यात नव्हे.