वीज, अणू आणि आपले कर्तव्य
(बेसा येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावर विवाह, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांची चर्चा होते व ती उचितच आहे. आज मात्र आम्ही विजेविषयी चार शब्द बोलणार आहोत.

आम्ही कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. आमची नातवंडे वातानुकूलित खोलीत करतात. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हे स्मरले म्हणजे त्यांना दोष देववत नाही. परंतु ही वीज मुख्यतः कोळशाची आहे. शहराच्या दक्षिणेस आपण बेसावासी, तर उत्तरेस कोराडी. तेथे ६६० मेगावॉटचे तीन संच अहोरात्र कोळसा जाळतात. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखबांध फुटून राखेचा चिखल आसपासच्या शिवारांत शिरला. उजेड आपल्या घरी आणि राख दुसऱ्याच्या शेतात, हा न्याय नव्हे.

कोळशाच्या एका युनिट विजेमागे सुमारे ८२० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो, तर अणुविजेमागे सुमारे १२ ग्रॅम, असे आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाच्या २०१४ च्या अहवालात नमूद आहे. सूर्यशक्ती अवश्य वापरावी; पण सूर्य मावळल्यावरही पंखे फिरावयास हवेत. म्हणूनच २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचे ध्येय २०२५ च्या अर्थसंकल्पात मांडले गेले. जुन्या औष्णिक केंद्रांच्या जागी लहान अणुभट्ट्या उभारण्याचाही विचार पुढे आला आहे.

उद्या हा प्रश्न कोराडीपुढे आला, तर आपण काय म्हणणार? ‘अणुवीज हवी, पण आमच्या दाराशी नको’ असे म्हणणे आम्हांस शोभणार नाही. आमचा कौल अनुकूल आहे. मात्र तो आंधळा नाही. तारापुरास १९६९ पासून अणुवीज निर्माण होत आली, हे महाराष्ट्राचे भूषण होय. परंतु तेथील तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि पुनर्वसनासाठी गावकऱ्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. तेव्हा आधी पुनर्वसन, मग पायाभरणी. किरणोत्साराची मोजणी गावच्या फलकावर रोज मराठीत. आणि जळालेल्या इंधनाची वासलात कशी लावणार याचे स्पष्ट उत्तर, या आमच्या तीन अटी आहेत.

अटी घालावयाच्या तर विषय समजलाही पाहिजे. आपल्या मंडळाने अणुविज्ञान शिकणाऱ्या एका तरी विद्यार्थ्यास दरवर्षी साहाय्य द्यावे, अशी आमची नम्र सूचना आहे. आपलाच मुलगा वा मुलगी ते यंत्र जाणू लागेल, तेव्हा भीती आणि भाबडेपणा दोन्ही आपोआप ओसरतील.