किया घ्यावी का?

औंढ्यातून बोलतोय. घरात सध्या एकच विषय: किया कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही घ्यायची का?

बाबा म्हणतात, "कालपरवा आलेली कंपनी!" आपल्याकडे ती 2019 मध्ये आली, खरंय. पण कोरियात ती 1944 पासून आहे, सुरुवात सायकलच्या सुट्या भागांपासून. 1997 मध्ये दिवाळं निघालं, मग ह्युंदाईने हात दिला.

माझी काळजी वेगळीच. आईला दर महिन्याला तपासणीसाठी संभाजीनगरला न्यावं लागतं. जाऊन-येऊन साधारण 400 किलोमीटर. मोठ्या बॅटरीची रेंज कागदावर 490. पण एसी आणि वेग धरला, तर तेवढी मिळत नाही.

म्हणून पुढच्या फेरीला जुन्याच गाडीने जाणार. जिंतूर, मंठा, जालना... ॲपवरचा प्रत्येक चार्जर थांबून बघणार, चालू आहे का. बुकिंग त्यानंतरच. आईला रस्त्यात ताटकळत ठेवायचं नाहीये.